लघुग्रह, सौर वादळ, अणुयुद्ध : नक्की भ्यायचं कशाला?

२०२५ च्या फेब्रुवारीत एका रात्री माझ्या फोनवर एक निरोप आला. पाठवणारी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची आई. कळव्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी तिकडचे पालक अजून 'बाई' म्हणून हक्काने विचारतात. निरोपासोबत जगाचा नकाशा होता. दक्षिण अमेरिकेच्या वरच्या टोकापासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून भारतापर्यंत आलेला लाल पट्टा, त्यात मुंबईच्या नावाभोवती गोल आणि खाली तारीख, २२ डिसेंबर २०३२. तिने एवढंच विचारलं होतं, "बाई, घोडबंदरला वीस वर्षांच्या कर्जावर घर घेतोय. घ्यावं ना?"

प्रश्न रास्त होता आणि नकाशाही खोटा नव्हता. २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह त्या पट्ट्यात कुठेतरी पडण्याची शक्यता खगोलशास्त्रज्ञांनी खरोखरच ३.१ टक्के सांगितली होती. आठवड्याभरात ती जवळजवळ शून्यावर आली आणि लोक म्हणू लागले, आधी घाबरवलं, मग शब्द फिरवला. शब्द कोणीही फिरवला नव्हता. हे एकदा नीट समजलं, की आकाशातले धोके आणि आपण स्वतः तयार केलेले धोके यांच्यातला मोठा फरकही समजतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

३.१ टक्के आले कुठून आणि गेले कुठे?

लघुग्रह म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड, काही मीटरपासून शेकडो किलोमीटरपर्यंतचा. बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असतात, थोडे पृथ्वीच्या वाटेजवळून जातात. वायआर४ हा त्या थोड्यांपैकी. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या दुर्बिणीला तो दिसला, तेव्हा तो आपल्या जवळून पुढे निघूनही चालला होता. थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची, तर उत्तर एक ठिपका म्हणून येत नाही. लाखो किलोमीटर लांबीचा पट्टा येतो आणि त्या पट्ट्यात पृथ्वीही असते.

आता ठाण्यातल्या येऊर डोंगराच्या पायथ्याची एखादी वस्ती डोळ्यांपुढे आणा. तिथे पावसाळ्यात घरात साप शिरणं नवीन नाही. समजा शंभर खोल्यांच्या चाळीत साप शिरताना कोणी पाहिला, पण कुठल्या खोलीत गेला ते कळलं नाही. तुमची खोली शंभरातली एक, म्हणजे साप तुमच्याकडे असण्याची शक्यता १ टक्का. सर्पमित्र येतो आणि एकेक खोली तपासत जातो. अडुसष्ट खोल्या मोकळ्या निघाल्या. उरल्या बत्तीस आणि त्यांत तुमची आहे. आता तुमची शक्यता बत्तिसांत एक, म्हणजे ३.१ टक्के. साप जिथे होता तिथेच आहे, इंचभरही तुमच्याकडे सरकलेला नाही. फक्त इतर खोल्या बाद होत गेल्या. मग तो शेजारच्या खोलीत माळ्यावर सापडतो आणि तुमचा आकडा एका क्षणात शून्य होतो.

वायआर४ चं असंच झालं. नवी निरीक्षणं येत गेली तसा पट्टा आखडत गेला, पृथ्वी मात्र काही दिवस आतच राहिली, म्हणून टक्का चढला. १८ फेब्रुवारीला ३.१ झाला. पुढच्या काही रात्रींत पट्टा इतका आखडला की पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. टक्का आधी चढणं आणि मग कोसळणं ही या मोजणीची नेहमीची चाल आहे. पुढच्या वेळी असा निरोप आला तर हे आठवा.

पण तो पडलाच असता तर?

अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्याचा आकार सुमारे ६० मीटर मोजला. घोडबंदर रोडवरच्या वीस मजली इमारतीएवढा दगड. ३० जून १९०८ ला सैबेरियात तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर साधारण अशाच मापाचा दगड हवेत फुटला, तेव्हा दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकत्र केली तरी एवढं क्षेत्रफळ भरत नाही. तिथे वस्ती विरळ होती म्हणून त्या दिवसाची आठवण झाडांच्या हिशेबात सांगितली जाते.

लहान दगडही किती करतो पाहा. १५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे वीस मीटरचा दगड तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्याहून लख्ख उजेड झाला. तो काय आहे बघायला लोक खिडक्यांशी गेले. उजेड तत्काळ पोचतो, पण हवेचा धक्का आवाजाच्या वेगाने येतो, त्याला दोनेक मिनिटं लागली. तो आला तेव्हा माणसं काचेला नाक लावून उभी होती. सुमारे दीड हजार जखमी झाले, बहुतेक काचांनी. काचेच्या दर्शनी भिंतींचे मनोरे आपल्याकडेही दिवसेंदिवस वाढताहेत, तेव्हा एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा : आकाशात असा उजेड दिसला तर खिडकीपासून लांब जायचं आणि काही मिनिटं लांबच राहायचं.

तरीही हा धोका एका शहराचा आहे. बातम्यांत 'पृथ्वीला धोका' हे दोन शब्द इतके सैल वापरतात की मुलं रात्री झोपत नाहीत. शहर जाणं ही एक गोष्ट. वीज, धान्य, दवाखाने, बाजार ही माणसांची घडी मोडणं ही दुसरी. आणि जीवसृष्टीच उखडली जाणं ही तिसरी. कुठल्याही धोक्याबद्दल आधी विचारायचं, यांतलं काय जाणार आहे?

तिसऱ्या प्रकारचं संकट आलं होतं. त्याच्या काळातला दगड ठाण्यात आहे

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी लांब पल्ल्याची गाडी कळव्यानंतर पारसिकच्या बोगद्यात शिरते. एका मिनिटासाठी फोन बंद पडतात, वारा बदलतो. डबा ज्या डोंगराच्या पोटातून जातो तो अख्खा थिजलेला लाव्हा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनच्या या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. असे थरांवर थर चढत गेले. आज उरलेला हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर.

माझ्या विद्यार्थ्याने त्यांच्या नव्या इमारतीच्या पायातून निघालेला एक तुकडा मला आणून दिलाय. बाहेरून साधा काळा दगड. फुटल्या बाजूला सुपारीएवढ्या पोकळ्या आहेत आणि दोन पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांच्या सुया आतल्या दिशेने उगवलेल्या. त्या पोकळ्या म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. नंतर झिरपलेल्या पाण्याने त्यांत हळूहळू स्फटिक भरले. बोट लावलं की टोचतात. मला या दगडातलं सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ती पोकळी. लाव्हा जमीन जाळतो, पण तो जाईल तेवढीच. त्यातून सुटलेला गंधकाचा आणि कार्बनचा वायू मात्र सगळ्या जगभर जातो.

त्याच काळात, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोच्या युकातान भागात दहा किलोमीटरच्या आसपास व्यासाचा लघुग्रह आदळला. त्याने पाडलेलं विवर १८० किलोमीटर रुंद, मुंबईहून निघालात तर नाशिक मागे पडेल एवढं. लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी १९८० साली सहकाऱ्यांसह त्याचा माग लावला. जमिनीत दुर्मीळ आणि लघुग्रहांत मुबलक असणारं इरिडियम त्या काळच्या मातीच्या पातळ थरात त्यांना भरपूर सापडलं. जगातल्या तीन चतुर्थांश प्रजाती तेव्हा संपल्या. लाव्ह्याचा त्यात वाटा किती आणि दगडाचा किती यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. बहुतेकांचा कौल दगडाकडे आहे.

पण मेक्सिकोत पडलेल्या दगडाने जगाच्या दुसऱ्या टोकाचा प्राणी कसा मेला? त्याच्या डोक्यात तर काही पडलं नाही.

तो मेला झाकोळाने. आदळण्याने उठलेली धूळ, जळालेल्या जंगलांची काजळी आणि खडकांतल्या गंधकाचे बारीक कण उंच आकाशात गेले आणि सूर्य मंदावला. झाडांनी अन्न करणं थांबवलं. आधी पाला खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. सगळ्या जिवांची चूल एकच आहे, ती वर आकाशात पेटलेली आहे, आणि तिच्यावर झाकण पडलं.

हे झाकण लवकर का निघत नाही, तेही ठाण्यात बसून समजतं. मे महिन्यात मेट्रोच्या आणि पुलांच्या कामांची धूळ हवेत लटकत असते. जूनचा पहिला दणकून पाऊस पडला की येऊरचा डोंगर धुतल्यासारखा दिसतो. पाऊस हा हवेचा झाडू आहे. पण ढग असतात दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत. त्याच्या वरच्या हवेच्या थराला स्थितांबर म्हणतात. तिथे पाऊसच नाही, त्यामुळे तिथे पोचलेली काजळी वर्षानुवर्षं खाली येत नाही. १९९१ साली फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याचा गंधक स्थितांबरात गेला आणि साऱ्या जगाचं सरासरी तापमान वर्षभर सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. ते तापमापकांवर मोजलं गेलेलं आहे. एका मध्यमशा डोंगराने एवढं केलं.

आणि एक सांगायचं राहिलं तर हा भाग अपुरा राहील. मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले. दोन लाव्ह्यांच्या मधल्या शांततेत तळं साचलं, त्यात बेडूक झाले, मग पुढचा लाव्हा आला. जीवसृष्टी चिवट आहे. तिच्यासाठी मी फारशी घाबरत नाही. मी घाबरते ती रोज सकाळी येणाऱ्या दुधाच्या गाडीवर अवलंबून असलेल्या आपल्यासारख्यांसाठी.

सूर्य आणि तारे?

दूरचे धोके भरभर सांगते. एखादा मोठा तारा फुटला तर त्याच्या किरणांनी ओझोनचं कवच फाटू शकतं, पण त्यासाठी तो काही डझन प्रकाशवर्षांच्या आत हवा (प्रकाश वर्षभरात जेवढं अंतर जातो ते एक प्रकाशवर्ष). ज्याची सारखी बातमी येते तो काक्षी तारा, मृग नक्षत्रातला तांबूस, पाचशे प्रकाशवर्षांहून लांब आहे. तो फुटला तर आकाशात दिवाळी दिसेल, इजा होणार नाही. सूर्य दर अब्ज वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी प्रखर होतो, त्यामुळे अब्जभर वर्षांनी समुद्र टिकणं अवघड होईल. त्याची चिंता आज करण्यासारखी नाही.

सौर वादळाची मात्र करायला हवी आणि तिची कथा आपल्या खाडीपलीकडेच घडली आहे. सूर्य अधूनमधून विद्युतभारित वायूचा प्रचंड लोट फेकतो. तो पृथ्वीवर येऊन आदळला की पृथ्वीचं चुंबकत्व थरथरतं. सायकलच्या डायनॅमोत चुंबक फिरला की तारेत वीज येते, हे आपण जाणतो. इथे चुंबक म्हणजे पृथ्वी आणि तार म्हणजे शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्या. त्यांत नको असलेली वीज शिरते आणि ट्रान्सफॉर्मर तापतात.

१ आणि २ सप्टेंबर १८५९ ला असं वादळ आलं, ज्ञात इतिहासातलं सगळ्यात मोठ्यांपैकी एक. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. त्या दिवसांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसं चुंबकसुईच्या नोंदी हाताने घेत होती. एरवी ठरलेल्या वेळेला, पण सुई थरथरू लागली तशी थोड्या थोड्या मिनिटांनी. पृथ्वीचं चुंबकत्व त्या दिवशी किती खाली घसरलं हे आज जगाला माहीत आहे ते मुख्यतः कुलाब्याच्या त्या कागदांमुळे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुई हलेल, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला नेलं. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे. लोक तिच्यासमोरून रोज गाडीने जातात.

आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे कॅनडासारखा मार आपल्या वीजवाहिन्यांना बसण्याची शक्यता कमी. १३ मार्च १९८९ ला तिथल्या क्विबेक प्रांतात दीड मिनिटात जाळं कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात होते. पण उपग्रह आणि त्यावर चालणारं दिशादर्शन सगळ्यांचं एकच. वीज गेली की काय होतं ते आपण १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिलं. वेगळ्याच बिघाडाने मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद झाली. लोकल जिथल्या तिथे थांबल्या, माणसं रुळांवरून चालत निघाली. कोविडचे दिवस होते, रुग्णालयं जनरेटरवर होती. ते काही तासांत आवरलं. मोठे ट्रान्सफॉर्मर जळाले तर नवे मिळायला महिने लागतात.

इथेही मोजमापाचा उपयोग आहे. भारताचं आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याकडे डोळे लावून बसलंय. लोट सूर्यावरून निघाल्यापासून पोचेपर्यंत बहुधा पाऊण ते तीन दिवस मिळतात. यंत्रणा सावरून घ्यायला तेवढे पुरतात, ऐकणारा असेल तर.

दगड येताना दिसला तर वळवता येतो का?

येतो. हे आता करून पाहिलेलं आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट नावाच्या यानाने डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या दगडाला मुद्दाम धडक दिली. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला मारतो तशी, वेग सेकंदाला सहा किलोमीटर. तो दगड आपल्या थोरल्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर ती फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली.

यावर शंका येते, इतक्या छोट्या धक्क्याने काय होणार? दिवा स्टेशनाबाहेर रुळांचा सांधा चार बोटं सरकतो, आणि कल्याणला जाणारी गाडी पनवेलच्या वाटेला लागते. सांधा आधी बदलायला हवा, एवढंच. गाडी पुढे गेल्यावर कितीही जोर लावून उपयोग नाही. बॉम्बने फोडण्यापेक्षा आधी पाहून हळूच ढकलणं शहाणपणाचं, कारण फोडलं तर एका दगडाचे अनेक होऊ शकतात आणि वाट तीच राहते.

दुसरी शंका खर्चाची. गोरगरिबांना पाणी नाही आणि हे दगडांच्या मागे का? डार्टला सुमारे ३२ कोटी डॉलर लागले. पाण्याची तक्रार खरीच आहे, पण तिचं कारण या दुर्बिणी नाहीत. एक किलोमीटरहून मोठे, म्हणजे जगाची घडी मोडू शकणारे, पृथ्वीजवळचे बहुसंख्य लघुग्रह आज शोधून झालेत आणि येत्या शंभर वर्षांत त्यांतला कोणी आदळण्याच्या वाटेवर नाही. ही माहिती साऱ्या मानवजातीला मिळाली, तिच्यापुढे दुर्बिणींचा खर्च मला स्वस्त वाटतो.

मग जो टक्का मोजताच येत नाही तो कोणता?

२६ सप्टेंबर हीच तारीख, साल १९८३. मॉस्कोजवळच्या एका तळघरात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी रात्रपाळीला होता. मध्यरात्रीनंतर पडद्यावर इशारा आला : अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलं. मग दुसरं, तिसरं, पाच झाली. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानांनी कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं, वातावरण पेटलेलं होतं. नियमाप्रमाणे त्याने वर कळवायचं होतं की हल्ला झालाय. त्याने विचार केला, युद्ध सुरू करणारा पाचच क्षेपणास्त्रं का सोडेल? त्याने वर कळवलं, यंत्र चुकतंय. यंत्र खरंच चुकत होतं. उंच ढगांवरून परतलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्राची ज्वाळा वाटलं होतं.

आता सांगा, त्या रात्रीची शक्यता किती टक्के होती? त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर? हे कुठल्याही दुर्बिणीने काढता येत नाही. लघुग्रहाचा टक्का निरीक्षणं वाढवली की आपोआप स्पष्ट होतो, कारण दगडाला मन नाही, तो गणिताच्या बाहेर जात नाही. माणसांच्या हातातला टक्का फक्त माणसांनी काही केल्याने किंवा न केल्याने बदलतो. मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय.

आणि अणुयुद्ध पुन्हा त्याच झाकोळाकडे नेतं. पॉल क्रुट्झेन आणि जॉन बर्क्स या वातावरणाच्या अभ्यासकांनी १९८२ साली दाखवलं की बॉम्बने पेटलेल्या शहरांचा आणि जंगलांचा धूर सूर्य झाकू शकतो. शहर म्हणजे लाकूड, प्लास्टिक, डांबर, इंधन. त्या आगीची काजळी स्थितांबरात गेली की पावसाचा झाडू तिथे पोचत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारत आणि पाकिस्तान यांच्यातल्या अणुयुद्धाचा हिशेब मांडला. पिकं बुडाल्याने जगभरात दोनशे कोटींहून जास्त माणसं उपासमारीने मरू शकतात. काजळी नक्की किती वर चढेल यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आकडा निम्मा धरला तरी मला तो सोसवत नाही. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांत चकमक झाली, तेव्हा आमच्या इमारतीतली मुलं जिन्यात 'बॉम्ब टाकून संपवून टाका' म्हणत होती. मी त्यांना बसवून हे सगळं सांगितलं, मोहरीचं एक शेत आणि एक काळं झाकण कागदावर काढून.

हवामान तर पूर्वीही बदलत होतं ना?

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि त्याचं उत्तर ठाणेकरांना अंगावरून गेलेलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आख्ख्या जुलैत पडतो साधारण तेवढाच. महिनाभर पडला असता तर भात तरारला असता. एका दिवसात पडला आणि माणसं गाड्यांमध्ये गुदमरून गेली. प्रश्न पाण्याचा नव्हता, किती वेळात आलं याचा होता.

हवेच्या दर दहा लाख भागांत कारखानदारीपूर्वी सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. १९५८ साली हवाईत रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५. आता ४२० च्या पुढे. शेवटचं हिमयुग सरताना यापेक्षा कमी वाढीला काही हजार वर्षं लागली होती. झाडांना आणि प्राण्यांना सरकायला वेळ मिळाला. २५ कोटी वर्षांपूर्वी सैबेरियात दख्खनसारखाच लाव्हा वाहिला, तो दगडी कोळशाच्या थरांतून वर आला आणि कोळसा पेटला. समुद्र तापले, त्यांतला प्राणवायू घटला, समुद्रातल्या दहातल्या आठ-नऊ प्रजाती संपल्या. जीवसृष्टीवरचा तो सगळ्यात मोठा घाला. त्या वेळी कोळसा लाव्ह्याने जाळला. आता आपण जाळतो आहोत.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी यातली एक बाब नीट समजून घ्यावी. मडक्यातलं पाणी नागपुरात गारेगार होतं, ठाण्यात तेवढं होत नाही. कोरड्या हवेत पाणी झिरपून भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. दमट हवेत उडत नाही. माणसाचं शरीर म्हणजे असंच मडकं आहे, घाम उडाला तरच गार होतं. म्हणून आपल्याकडचे ३८ अंश विदर्भातल्या ४३ अंशांपेक्षा जड जाऊ शकतात. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. पारा त्या दिवशी विदर्भासारखा चढलेला नव्हता. तापमान आणि दमटपणा दोन्ही मिळून एका मर्यादेपुढे गेले, की सावलीत पंख्याखाली बसलेला धडधाकट माणूसही फार तास टिकत नाही.

प्रयोगशाळेतून निसटणारे विषाणू, माणसाच्या हाताबाहेर जाणारी कृत्रिम बुद्धिमत्ता हेही याच, माणसाने स्वतः तयार केलेल्या जातीचे धोके आहेत. त्यांचाही टक्का कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. जो म्हणतो काहीच होणार नाही, त्याच्यावरही नाही.

आपल्या हातात खरंच काही असतं का?

१९८५ साली अंटार्क्टिकावर ओझोनच्या कवचाला पडलेलं भगदाड जाहीर झालं. कारण आपल्या फ्रिजमधले, एसीतले आणि सुगंधी फवाऱ्यांतले वायू. दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, माँट्रियलला करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या. ते वायू बंद होत गेले आणि भगदाड आता भरू लागलंय. या शतकाच्या उत्तरार्धात ते पूर्ण भरेल असा अंदाज आहे. ओझोनवरच्या कामासाठी १९९५ साली ज्या तिघांना नोबेल मिळालं त्यांत तोच क्रुट्झेन होता, ज्याने अणुयुद्धाच्या धुराबद्दल सावध केलं. अणुबॉम्बही १९८६ च्या सुमारास जगात जवळपास सत्तर हजार होते, आज बाराएक हजार आहेत. ते आपोआप कमी झाले नाहीत. त्यासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि नेते चर्चेला बसले. बारा हजारही झाकोळासाठी भरपूर आहेत, हे खरंच.

त्या आईला मी त्या रात्री उत्तर दिलं, घर घ्या. आठवड्याभरात आकडा खाली येईल बघा, आणि का येईल तेही सापाच्या गोष्टीसकट लिहिलं. सोबत एक काम दिलं. इमारत बघायला जाल तेव्हा मागच्या खाडीकडे तिवरं शाबूत आहेत का ते बघा, आणि बांधकामवाल्याला विचारा की वीज गेल्यावर पाण्याचा पंप आणि लिफ्ट कशावर चालणार. तिने दोन्ही विचारलं. पंपाचं उत्तर मिळायला तीन फेऱ्या लागल्या, पण मिळालं.

तिचा मुलगा आता अपोफिसबद्दल विचारतो. तोही लघुग्रह, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा. १३ एप्रिल २०२९ च्या रात्री, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ तारखेच्या पहाटे तीननंतर, तो पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार. आपल्या गच्चीतली टीव्हीची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो ३६ हजारांवर आहे. म्हणजे दगड त्याच्याही अलीकडून जाईल, पण आदळणार नाही, त्याची कक्षा नेमकी मोजून झालीय. २००४ साली त्याचाही टक्का चढला होता, २.७ पर्यंत. मुलाने मला त्या आकड्यावरून उलट हिशेब करून दाखवला. "बाई, म्हणजे तेव्हा सदतीस खोल्या उरल्या होत्या."